इतर काही सूचना असल्यास

केफ्लाविकच्या विमानतळाकडे बस निघाली आणि आमच्या टूर मॅनेजरनं प्रत्येकाच्या हातात एकेक फॉर्म ठेवला. अभिप्राय फॉर्म. डावीकडे निवास, भोजन, वाहन, वाहनचालक, टूर मॅनेजर, स्थलदर्शन. आणि वरती 'उत्कृष्ट', 'उत्तम', 'चांगले' असे तीन रकाने. 'चांगले'च्या पलीकडे काही नाही. म्हणजे ज्याला वाईट म्हणायचं असेल त्यानं 'चांगले' म्हणावं, अशी सोय. तळाशी 'इतर काही सूचना असल्यास' आणि त्यापुढं दीड ओळ.

मी बँकेत कारकून. गेली बावीस वर्षं लोकांना फॉर्म भरायला लावतोय आणि भरला की 'इथं सही राहिली' म्हणून परत करतोय. शिवाय आमच्या बँकेच्या गृहपत्रिकेत नाट्यपरीक्षणं लिहितो. नाट्यपरीक्षणं म्हणजे कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेतल्या एकांकिकांची, पण लिहितो. परीक्षकाला दीड ओळ म्हणजे अपमानच. तेव्हा त्या दीड ओळीत न मावलेलं परीक्षण इथं देतो.

आधी निर्मितीखर्च. आमच्या हिला उत्तरध्रुवीय प्रकाश पाहायचा होता. ही इच्छा लग्नाआधीची, म्हणजे मला नाही म्हणायची सोय नव्हती. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात त्याचं एक लहानसं चित्र होतं म्हणे, आणि त्या पानाला हिनं मोराचं पीस ठेवलं होतं. स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून एक एफडी ठेवली होती, ती मोडली. मुदतीआधी मोडली तर व्याज कसं कापलं जातं हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगितलं. मार्चमध्ये जावं तर बँकेत वर्षअखेर. मार्चमध्ये रजा मागणारा कारकून आणि लग्नाच्या मांडवात कुंभकर्ण सारखेच. म्हणून २०२५ च्या दिवाळीत आइसलँड ठरलं. आई म्हणाली, "लोक लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी घरात आणतात, तुम्ही घालवायला निघालात." शिवाय वर अमावास्या. पण टूर कंपनीच्या मते अमावास्या हीच खरी मुहूर्ताची, कारण चंद्र नसला की आकाश जास्त काळं.

माहितीपत्रकाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण खरं नाटक तिथंच होतं. मुखपृष्ठावर पोपटी आकाश. आत तांबडाभडक लाव्हा. मधल्या पानावर एक जोडपं, तोंडं आकाशाकडे, थंडी वाजत नसल्यासारखं. मी बी.कॉम. आहे, ताळेबंदात कुठला आकडा फुगवलाय हे मला वासावरून कळतं. या पत्रकात कळलं नाही, कारण ते ही वाचून दाखवत होती.

पहिला अंक झकास झाला, त्याबद्दल वाद नाही. थिंगवेत्लिरला अमेरिकेचं भूकवच आणि युरेशियाचं भूकवच वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरनं एकमेकांपासून दूर सरकतात. आमच्या शाखेतल्या बढतीच्या यादीपेक्षा वेग बराच बरा. तिथंच इ.स. ९३० मध्ये या लोकांनी आपली संसद भरवली, उघड्यावर. गेसिरला गेलो तेव्हा कळलं की आपल्या न्हाणीघरातला गिझर हा मूळचा इथला. खुद्द गेसिर आता बहुतेक वेळ स्वस्थ असतो. शेजारचा स्ट्रोक्कुर नावाचा धाकटा दर पाच-दहा मिनिटांनी उकळत्या पाण्याचा फवारा उडवून लोकांना दिपवतो. पाटीवर नाव साहेबांचं आणि काम ज्युनिअरचं. मला अगदी शाखेत आल्यासारखं वाटलं.

रेक्याविकच्या हॉटेलात गरम पाणी थेट जमिनीखालून येतं आणि त्याला गंधकाचा वास असतो. आमच्यात घाटकोपरचं एक जैन कुटुंब होतं. त्यांनी पहिल्याच सकाळी तक्रार केली, "नळाला अंड्याचा वास येतो." टूर मॅनेजरनं पृथ्वीच्या पोटातल्या गंधकाबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चारही दिवस थंड पाण्यानं आंघोळ केली. याला म्हणतात निष्ठा.

रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर बेसॉल्टचे षटकोनी खांब एकाला एक लावून उभे आहेत. मी तोंडात बोट घातलं. ठाण्याचे एक निवृत्त इंजिनिअर शेजारी होते. म्हणाले, "तुमची शाखा अंधेरीला ना? मग गिल्बर्ट हिल बघितली असेलच." नव्हती बघितली. बावीस वर्षं तिच्या पायथ्याच्या बाजूनं डबा घेऊन गेलो. तीही अशाच खांबांची, दोनशे फूट उंच, आणि वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. आइसलँडचा सगळ्यात जुना दगडही दीड-पावणेदोन कोटींपलीकडे जात नाही. म्हणजे नात्यानं गिल्बर्ट हिल थोरली. रिक्षानं वीस-तीस रुपये. मी विषय बदलला.

आता मुख्य प्रयोग.

पहिल्या रात्री ढगांमुळं प्रयोग रद्द. दुसऱ्या रात्री बस आम्हाला शहराबाहेर एका अंधाऱ्या माळावर घेऊन गेली. वाटेत टूर मॅनेजरनं शास्त्र सांगितलं. सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्यांना 'हा काउंटर बंद, पलीकडच्या खिडकीत जा' म्हणून ध्रुवांकडे पाठवतं, आणि तिथं शंभर किलोमीटरच्या वर ते हवेतल्या प्राणवायूवर आपटले की हिरवा उजेड पडतो. दिवे विझवले. आम्ही छत्तीस जण, अंगावर प्रत्येकी पाच थर, पिंपासारखे उभे. डोंबिवलीच्या एक काकू पुटपुटल्या, "आत्ता घरी पणत्या लागल्या असतील." कोणी उत्तर दिलं नाही.

अकराच्या सुमाराला कोणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

उत्तरेला टेकडीवर एक पट्टा होता. राखाडी. पावसाळ्यात ओल्या लाकडांच्या चुलीतून निघतो तसा धूर. इंजिनिअर म्हणाले, "ढग आहे." मलाही तसंच वाटलं. पण तो पट्टा हळूच मधून वाकला, पुन्हा सरळ झाला. ढग असं करत नाहीत. तेवढ्यात टूर मॅनेजरनं फोन वर धरला, तीन सेकंद हलू नका म्हणाला, आणि पडदा आमच्याकडे फिरवला. पोपटी! माहितीपत्रकातल्यासारखं! टाळ्या पडल्या. पस्तीस माणसं आकाशाकडे पाठ करून त्या पडद्याभोवती गोळा झाली, मग आपापल्या पडद्याभोवती, आणि आपण त्याच्यासमोर उभे आहोत असे फोटो काढून घेऊ लागली. मीही काढले. खोटं कशाला सांगू?

फोन खोटं बोलत नव्हता. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा मात्र तीन-तीन सेकंद उजेड साठवत राहतो, म्हणून त्याला हिरवा दिसतो. प्रकाशाला जोर असला की नुसत्या डोळ्यांनाही रंग दिसतात. मे २०२४ च्या सौरवादळात तर लडाखमध्ये हान्लेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा तांबूस उजेड टिपला होता. त्या रात्री आमच्या नशिबी जोर नव्हता, एवढंच. हे सगळं मला पटतं. पण मी कॅशवर बसलेला माणूस आहे. व्हाउचरवर हजार आणि हातात शंभर असले की मला झोप येत नाही. आणि इथं तर छत्तीसच्या छत्तीस गिऱ्हाइकं व्हाउचर बघून खूश होती.

छत्तीस नव्हे, पस्तीस. आमची ही बसच्या मागे, उजेडापासून लांब, मान वर करून उभी होती. मी जवळ गेलो. मला वाटलं, रडतेय. आली का पंचाईत! एफडी गेली, स्वयंपाकघर गेलं, आणि वर हिला धूर दिसला. मी घाईघाईनं फोन पुढं केला, "हे बघ, कसलं हिरवं आलंय."

"ते नको," ही म्हणाली. "आमच्या पुस्तकात होता तस्साच आहे हो. पुस्तकात चित्र काळंपांढरंच होतं."

मी फोन खिशात घातला. किती वेळ उभे होतो कोण जाणे. तो पट्टा दोनदा फाकला आणि एकदा पडद्याच्या झालरीसारखा थरथरला. परीक्षणात लिहिण्याजोगं एवढंच.

शेवटच्या दिवशी ज्वालामुखी. कार्यक्रमात 'लाव्हा दर्शन, फोटोसाठी थांबा, दहा मिनिटं. नंतर ब्लू लगून' असं होतं. ब्लू लगून म्हणजे शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणारं पाणी; त्यात बसायला आम्ही पैसे भरले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात लाव्हा त्याच्या गाड्या लावायच्या जागेवर येऊन पोचला होता. त्याच्या अलीकडे समुद्राकाठी ग्रिंदाविक नावाचं मासेमारीचं गाव आहे. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ते सगळं रिकामं करावं लागलं, आणि १४ जानेवारी २०२४ ला लाव्हा गावात शिरून तीन घरं जळाली. आम्ही तिथं थांबलो. काळा, खडबडीत, रस्त्यावर येऊन गोठलेला दगड. इंजिनिअर म्हणाले, "लाल कुठाय? पत्रकात लाल होता." डोंबिवलीच्या काकूंनी एका भेगेपाशी उभं राहून फोटो काढून घेतला. टूर मॅनेजर घड्याळ बघून सांगत होता, "सात मिनिटं राहिली."

बसचा चालक खाली उतरला नाही. साठीकडे झुकलेला, चार दिवसांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे न बोललेला माणूस. दिवाळीचा फराळ हिच्या पिशवीत होताच. ही पुढं गेली आणि त्याच्यापुढं चकली धरली. त्यानं ती गरम पाण्याच्या कॉइलसारखी उलटसुलट पाहिली, मग खाल्ली, दुसरी मागितली. आणि काचेतून बोट दाखवून म्हणाला की ते कोपऱ्यावरचं पांढरं घर आमचं. जळलं नाही. उभं आहे. पण रस्त्याखालून भेग गेली आहे, त्यामुळं तिथं राहता येत नाही. सरकारी कंपनीनं ते विकत घेतलं. आता भाड्याच्या जागेत राहतात. बायकोला ही बस इथं थांबते हे त्यानं सांगितलेलं नाही.

हे सगळं हिच्या इंग्रजीत आणि त्याच्या इंग्रजीत झालं, म्हणजे बरंचसं हातांनीच. टूर मॅनेजर खाली 'पाच मिनिटं' म्हणत होता. त्याला हे माहीतच नव्हतं. मुलगा वाईट नव्हे हो, पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याच्या कागदावर ग्रिंदाविकपुढं 'दहा मिनिटं' एवढंच लिहिलेलं.

मग लगून झालं, इडली-सांबार झालं, आणि आता तो फॉर्म. मुलगा सीटजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, स्थलदर्शन उत्कृष्ट करा ना. यावरच पुढची टूर मिळते." मी केलं. त्याच्यापुढंही उत्कृष्ट केलं. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या नोकरीची किंमत कळते. निवास 'उत्तम', कारण गंधक.

बाजूला पाहिलं तर हिनं पाच ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. फक्त 'वाहनचालक'पुढं 'उत्कृष्ट'वर दोनदा टिक, आणि खाली दीड ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'ग्रिंदाविकला थांबण्यापूर्वी चालकाला विचारावे. आणि आकाशाचा फोटो पत्रकात छापायचा तर काळापांढराही छापावा.'

मी माझा फॉर्म पुन्हा उघडला, 'इतर काही सूचना असल्यास' यापुढं 'सौ. यांच्याप्रमाणे' असं लिहिलं, सही केली, आणि सवयीनं खाली शिक्क्यासाठी जागा सोडली.