'अल्फ्रेड-वर्कफ्लो' : एका छोट्या लायब्ररीचे परीक्षण

मॅक संगणकासाठी 'अल्फ्रेड' नावाचा एक प्रोग्राम आहे. ठरलेल्या कळा दाबल्या की एक चौकट उघडते. तीत दोन-चार अक्षरे टाइप करायची आणि हवी ती फाईल किंवा प्रोग्राम यादीतून निवडायचा. अशा प्रोग्रामला लाँचर म्हणतात. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून अल्फ्रेडला आपण स्वतःच्या याद्याही पुरवू शकतो. या सोयीचे नाव 'वर्कफ्लो'.

समजा, रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेला 'सोडि' टाइप करताच 'सोडियम, अणुक्रमांक ११' अशी ओळ दिसायला हवी आहे. माहिती शोधण्याचे काम त्यांचा कोड करील. पण उत्तर ठरलेल्या साच्यातच द्यावे लागते. या साच्यात प्रत्येक ओळीला एक शीर्षक असते. उपशीर्षक, ओळ निवडल्यावर पुढे पाठवायचा मजकूर आणि ओळखखूण या गोष्टी जोडता येतात. पीएचपी भाषेतली 'अल्फ्रेड-वर्कफ्लो' ही लायब्ररी हा साचा भरून देते.

तिचा मोठा गुण म्हणजे वाचनीयता. एकेक उत्तर तयार करायचे, त्याला शीर्षक, उपशीर्षक जोडायचे आणि शेवटी सगळे छापायचे. कोड वाचताना हेतू लगेच कळतो.

पण मुळात अशी लायब्ररी लागते कशासाठी? सुरुवातीला हा साचा एक्सएमएलमध्ये असे. त्यात '&' हे चिन्ह जसेच्या तसे लिहून चालत नाही. एका शीर्षकात ते राहिले, तरी सगळी यादीच वाचता येत नाही. तेव्हा मदतनीस हवाच होता. २०१६ साली तिसऱ्या आवृत्तीत जेसनचा साचा आला. पीएचपीमधले जेसनचे तयार फंक्शन अवतरणचिन्हांसारख्या अडचणी स्वतःच सोडवते. म्हणजे लायब्ररीची मुख्य गरजच कमी झाली.

उरतात त्या जास्तीच्या सोयी : उत्तरे गाळणे आणि क्रमाने लावणे. इथे सावध राहावे. उत्तराला ओळखखूण दिली, की वापरणारा काय जास्त निवडतो हे अल्फ्रेड लक्षात ठेवतो आणि त्यानुसार क्रम बदलतो. शिक्षिकेने मूलद्रव्ये अणुक्रमांकाने लावली, तरी वारंवार निवडलेले सोडियम हायड्रोजनच्या वर येऊ शकते. चूक कोडमध्ये शोधून सापडणार नाही. ओळखखूण वगळली की आपला क्रम टिकतो. हे कळायला लायब्ररीमागचा साचाच माहीत असावा लागतो.

दुसरा मुद्दा पायाचा. २०२१ साली मॅकओएसच्या बाराव्या आवृत्तीतून पीएचपी काढून टाकण्यात आले, आणि २०२२ साली पायथन २ सुद्धा. त्यांच्या भरवशावर लिहिलेले वर्कफ्लो मग आपोआप चालेनात. भाषा वेगळी बसवावी लागली, नाहीतर कोड नव्याने लिहावा लागला. साचा मात्र तोच राहिला. तो ज्यांना ठाऊक होता, त्यांना दुसऱ्या भाषेत जाणे सोपे होते. केवळ लायब्ररीची फंक्शने पाठ असणाऱ्यांच्या हाती फारसे काही उरले नाही.

म्हणून आमचे मत असे : ही लायब्ररी चांगली आहे, पण तिच्यापासून सुरुवात करू नये. विद्यार्थ्यांना आधी दोन ओळींचे जेसन हाताने लिहू द्यावे, मुद्दाम एक अवतरणचिन्ह गाळून काय होते ते पाहू द्यावे. मग लायब्ररीचा कोड उघडून वाचावा. तो एवढा लहान आहे, की शेवटपर्यंत वाचून होतो. दुसऱ्याने लिहिलेला कोड पुरता समजून घेण्याची अशी संधी मोठ्या लायब्रऱ्या देत नाहीत.