बर्थडे पार्टी, द

बर्थडे पार्टी, द : (१९८०–८३). पंकोत्तर रॉक संगीतातील एक अल्पजीवी ऑस्ट्रेलियन वाद्यवृंद. पंक संगीताने १९७६–७७ च्या सुमारास रॉकमधील अलंकरण व वादनकौशल्याचे प्रदर्शन नाकारले. त्याचा आवेश राखून घाट मात्र मोडणाऱ्या संगीतास पंकोत्तर संगीत म्हणतात.

निक केव्ह (गायन), मिक हार्वी (गिटार) व फिल कॅल्व्हर्ट (ड्रम) हे मेलबर्नच्या कॉलफील्ड ग्रामर स्कूलमधील सहाध्यायी. पुढे ट्रेसी प्यू (बेस गिटार) त्यांना मिळाला आणि ‘द बॉइज नेक्स्ट डोअर’ या नावाने त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. १९७८ मध्ये रोलंड एस्. हॉवर्ड हा दुसरा गिटारवादक आला. डोअर, डोअर (१९७९) ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका नीटनेटकी, पण परप्रकाशित आहे. तीतील हॉवर्डकृत ‘शिव्हर्स’ हे गीत मुळात किशोरवयीन प्रेमवेदनेचा उपहास करणारे. केव्हने ते इतक्या गांभीर्याने गायिले, की उपहास लोपला आणि गीत लोकप्रिय झाले.

१९८० च्या आरंभी वृंद लंडनला गेला आणि त्याने नवे नाव धारण केले. तेथे वाट्यास दारिद्र्य व उपेक्षा आली. ज्या संगीताच्या ओढीने ते गेले, तेही त्यांना निस्तेज वाटले. या भ्रमनिरासातून त्यांची खरी शैली घडली. मेलबर्नला परतून मुद्रित केलेल्या प्रेअर्स ऑन फायर (१९८१) मध्ये ती प्रथम स्पष्ट होते. रॉकमध्ये सामान्यतः गिटार स्वररचना वाहून नेते आणि बेस तिला आधार देतो. येथे हा क्रम उलटला आहे. ‘किंग इंक’ या गीतात प्यूचा जड, फिरून फिरून येणारा बेसचा स्वरसमूह हेच गीताचे शरीर आहे. हॉवर्डची गिटार त्यावर ओरखडे काढते. ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला नाद पुन्हा तारांत शिरून जी किंकाळी उठते, ती अनेकदा दोष म्हणून टाळली जाते. हॉवर्डने तिलाच स्वराचे स्थान दिले. ‘निक द स्ट्रिपर’ मधील पितळी वाद्ये सर्कशीच्या बँडसारखी वाजतात आणि गायक स्वतःचेच विडंबन करतो. विडंबनाचा हा धागा ‘रिलीज द बॅट्स’ (१९८१) मध्येही आहे. गॉथ पंथीयांनी मात्र ते गीत आपले म्हणून स्वीकारले.

जंकयार्ड (१९८२) अधिक उग्र आहे; अधिक चांगली आहे, असे म्हणवत नाही. तीत ध्वनींची इतकी दाटी झाली आहे, की प्रत्येक वाद्य दुसऱ्यास झाकते. प्यू त्या वर्षी काही काळ तुरुंगात होता व इतरांनी त्याची जागा भरून काढली. मद्य, अंमली पदार्थ आणि रंगमंचावरील हाणामारी यांच्या आख्यायिका याच काळात पसरल्या. त्यामुळे हे संगीत म्हणजे अनावर उद्रेक, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. कॅल्व्हर्टला वगळून वृंद १९८२ मध्ये पश्चिम बर्लिनला गेला आणि हार्वीने ड्रम स्वतःकडे घेतले. यानंतरच्या द बॅड सीड व म्यूटिनी! (१९८३) या दोन लघुमुद्रिका काटेकोर संयमाची साक्ष देतात. ‘डीप इन द वुड्स’ मध्ये लय जवळजवळ थांबते आणि दोन आघातांमधील शांतता ऐकू येते. एक वादक कमी झाल्याने पोकळी आली, आणि त्या पोकळीत हॉवर्डचा एकेक स्वर सुटा उभा राहिला. वृंदाचे सर्वोत्तम कार्य हेच होय.

केव्हची शब्दकळा मात्र निर्दोष नाही. खून झालेली स्त्री तिच्यात वारंवार येते, तीही मारेकऱ्याच्या वा बघ्याच्या तोंडून. तिला स्वतःचा आवाज नसतो. अतिशयोक्तीमुळे या हिंसेला उपरोधाची छटा लाभते हे खरे. तरी ‘सिक्स इंच गोल्ड ब्लेड’ सारख्या गीतात उपरोध हे केवळ निमित्त उरते. हॉवर्डची ‘सेव्हरल सिन्स’ सारखी गीते अधिक आवरलेली आहेत. गीतलेखनात ती मागे पडत गेली आणि दोघांतील अंतर वाढले. म्यूटिनी! मध्ये जर्मन वादक ब्लिक्सा बार्गेल्डची गिटार ऐकू येते, हे या संदर्भात सूचक आहे. अखेरच्या ऑस्ट्रेलियन दौऱ्यापूर्वीच हार्वी बाहेर पडला. जून १९८३ मध्ये मेलबर्नला शेवटचा कार्यक्रम झाला.

केव्ह, हार्वी व बार्गेल्ड यांनी पुढे ‘बॅड सीड्स’ हा दीर्घायुषी वृंद उभारला. त्याचे नाव उपर्युक्त लघुमुद्रिकेवरून आले, पण प्यूच्या बेसचे ते ओझे त्यात नाही. प्यू १९८६ मध्ये अपस्माराने निवर्तला. हॉवर्डचे टीनेज स्नफ फिल्म (१९९९) आणि पॉप क्राइम्स (२००९) हे दोन एकल संग्रह प्रसिद्ध झाले. दुसरा निघाला त्याच वर्षाअखेर तो यकृताच्या कर्करोगाने मरण पावला.