वसंत रागिणीचे चित्र : मूर्ती आणि गती

रागमाला चित्रांना ‘दृश्य संगीत’ म्हणण्याचा प्रघात कलासमीक्षेत रूढ आहे. होळीच्या गायनाशी निगडित असलेल्या वसंत रागिणीच्या राजस्थानी चित्रांच्या आधारे हा प्रघात तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मेवाडमधील चावंड येथे १६०५ साली निसारदी या चित्रकाराने रागमाला चितारली. पुढे दोन शतके राजस्थानात अशा मालिका होत राहिल्या. त्यांतील वसंताच्या चित्रात बहुधा वीणा व पालवीचा कुंभ घेऊन नाचणारा कृष्ण आणि मृदंग, टाळ वाजविणाऱ्या स्त्रिया दिसतात. होरी ज्या धमारात गायिली जाते, त्या तालाच्या १४ मात्रा मात्र चित्रात नाहीत. चित्रकार रागाचे स्वररूप नव्हे, तर त्याचे ध्यान, म्हणजे शब्दांत सिद्ध झालेली मूर्ती रंगवितो.

मग गीत उरते कोठे? त्याचे उत्तर रेषेत आहे. कागदाचे थर चिकटवून केलेल्या वसलीवर प्रथम रेखाटन होते, त्यावर सफेद्याचा पातळ थर बसतो, रेषा पुन्हा गिरविली जाते, रंग भरून मागील बाजूने अकीकाने घोटाई होते आणि शेवटी बाह्यरेषा येते. या पुनःपुन्हा गिरविण्यात पावलांचा कल व वस्त्रांची उसळी जिवंत राहिली, तरच दर्शकाची नजर नर्तनाबरोबर फिरते. खाक्यावरून उतरविलेल्या निर्जीव प्रतींत मूर्ती तीच असते. गती मात्र हरवते.

तात्पर्य, ‘दृश्य संगीत’ हे विशेषण संपूर्ण प्रकाराला सरसकट लावता येत नाही. प्रत्येक चित्राने ते स्वतंत्रपणे कमवावे लागते. अध्यापनातही शीर्षपट्टीवरील रागनाम वाचून न थांबता रेषा पाहावयास शिकविणे अगत्याचे आहे.