हार्डवेअर टाइमस्टॅम्प: नऊ दशांश म्हणजे अचूकता नव्हे

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या लॅब मॅन्युअलमध्ये एक वाक्य हमखास सापडते: 'हार्डवेअर टाइमस्टॅम्प अचूक असतो.' मीही ते अनेक वर्षे फळ्यावर लिहिले. आज त्याच वाक्याची तपासणी करू.

आमच्या लॅबमध्ये एका गटाने दोन संगणकांवर पॅकेट पकडून एकतर्फी विलंब मोजला. उत्तर आले सुमारे ३७ सेकंद. मध्ये एकच स्विच होता आणि पिंगला जाऊन-येऊन एक मिलिसेकंदही लागत नव्हता. गटाने ३७ वजा करून जर्नल पूर्ण केले आणि मी सही केली. चूक त्यांची होती, तशी माझीही.

हा ३७ आकडा ओळखायला हवा होता. २०१७ पासून टीएआय ही अणुवेळ यूटीसीपेक्षा ३७ सेकंद पुढे आहे. पीटीपीने जुळवलेले नेटवर्क कार्डावरचे घड्याळ सहसा टीएआय दाखवते, तर लिनक्सचे सिस्टीम घड्याळ यूटीसी. एका संगणकाने वेळ कार्डाकडून घेतली, दुसऱ्याने कर्नलकडून. कार्ड बरोबरच होते; आपली वजाबाकी चुकीची होती.

पीटीपी नसेल तर दोष आणखी लपतो. घड्याळ १० पीपीएमने सरकले, तर तासाभरात ३६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. गिगाबिट लिंकवर १५०० बाइटांच्या फ्रेमला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ही चूक तीन हजार फ्रेमांएवढी झाली. पडद्यावर मात्र नऊ दशांश दिमाखात दिसत राहतात.

लिबपीकॅपला एक श्रेय द्यायला हवे. त्यात 'ॲडाप्टर' आणि 'ॲडाप्टर अनसिंक्ड' असे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्याचे घड्याळ सिस्टीमशी जुळवलेले नसते. पण जुन्या पीकॅप फाइलच्या हेडरमध्ये यांपैकी कोणता प्रकार वापरला, याची नोंदच राहत नाही. अचूकतेसाठी ठेवलेल्या 'सिगफिग्ज' या जागेत प्रत्यक्षात शून्यच लिहिले जाते. ही उणीव गंभीर आहे, कारण फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की घड्याळाची ओळख पुसली जाते.

म्हणून तपासणी याच क्रमाने करा. कार्ड सर्व पॅकेटांना वेळ लावते की फक्त पीटीपीच्या, हे इथटूलने पाहा. मग कॅप्चरमध्ये कोणता प्रकार निवडला ते पाहा. शेवटी पीएचसी-टू-सिस चालू आहे का आणि त्यात ३७ सेकंदांचा फरक धरला आहे का, ते पाहा.

जर्नलमध्ये 'विलंब' या रकान्याआधी 'कोणते घड्याळ' असा रकाना आखा. तो कोरा असेल, तर यापुढे माझी सही मिळणार नाही.