‘घाशीराम कोतवाल’ आणि नाट्यसंघाचे नेतृत्व

मराठी नाट्यसमीक्षेत संहितेचा विचार होतो, प्रमुख नटाच्या अभिनयाचा होतो, क्वचित नेपथ्याचाही होतो. परंतु अनेकांनी मिळून सिद्ध करावयाच्या या कलेत त्या अनेकांचा उत्साह कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न बहुधा व्यवस्थापनाचा म्हणून बाजूस सारला जातो. ही विभागणी सर्वत्र ग्राह्य नाही. काही प्रयोगांत कलाकृतीचा घाट आणि संघाची बांधणी ही एकाच वस्तूची दोन अंगे असतात. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. संघ हौशी होता. दिग्दर्शक व्यवसायाने डॉक्टर होते आणि नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अशा संघाच्या प्रमुखाजवळ वेतन देण्याची सत्ता नसते, त्यामुळे ते कापण्याचीही नसते. दिवसभर अन्यत्र राबून आलेल्या माणसाला रात्री तालमीस आणावयाचे, तर लोभ आणि भय ही दोन्ही साधने त्याच्या हाती नाहीत. उरते ते केवळ कार्य. ते कार्यच असे रचावे लागते की, आपल्यावाचून ते अडेल असे प्रत्येकास वाटावे, आणि तसे वाटणे खरेही असावे.

‘घाशीराम’मधील मानवी पडदा ही रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सुमारे डझनभर नटांची रांग प्रेक्षकांसमोर उभी राहते. ती गाते, डोलते, पाठ फिरवून भिंत होते, फुटून जमाव होते आणि पुन्हा जुळून पुणे शहर होते. कोकणातील खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा यांच्या संस्कारांतून घडलेल्या या योजनेची सौंदर्यदृष्ट्या पुष्कळ चर्चा झाली आहे. तिचा संघटनात्मक अर्थ मात्र फारसा ध्यानात घेतला गेलेला नाही. या रांगेतील नटास विंगेत विसावण्याची सोय नाही. एकाचा ताल चुकला की भिंतीला भगदाड पडते. साहजिकच ‘लहान भूमिका’ या कल्पनेचा आधारच येथे नाहीसा होतो, आणि हौशी संघांत उत्साह विझण्याचे जे सर्वपरिचित कारण, म्हणजे आपण केवळ जागा भरण्यासाठी आहोत ही भावना, तिला थारा उरत नाही.

नाटकाचे कथानक नेमक्या उलट प्रकारच्या नेतृत्वाचे चित्र रंगविते, हे विशेष. नाना घाशीरामाला कोतवाली देतो ती मुलीच्या मोबदल्यात आणि स्वतःच्या सोयीसाठी. अधिकार नानाचा, अपश्रेय घाशीरामाचे, अशी ही योजना आहे. काम संपताच तो त्याला जमावाच्या हवाली करतो. सूडाने पेटलेल्या माणसाकडून अल्पकाळ प्रचंड काम करवून घेता येते, हे नाना जाणतो; अशा प्रेरणेने माणूस जळून जातो, याची त्याला फिकीर नाही. रंगमंचावर माणसाचे साधन कसे होते ते दाखविणाऱ्या प्रयोगात नटांना मात्र साधन होऊ न देणे, ही दिग्दर्शकाची खरी कसोटी होती.

ती कसोटी लवकरच प्रत्यक्षात आली. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबविले. तेव्हा दिग्दर्शकासह ही मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था अस्तित्वात आली. जानेवारी १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. मराठी रंगभूमीला फूट नवी नाही. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पण तिचा आधार एका अलौकिक नटाचा लौकिक हा होता. १९७३ ची फूट एका प्रयोगासाठी पडली. ज्या नाटकात भिंतच माणसांची आहे, ते त्या माणसांवाचून अन्यत्र नेता येत नाही. नाटक वाचवावयाचे तर संघ अभंग राहणे आवश्यक होते.

तथापि या पद्धतीचे मोलही सांगितले पाहिजे. रांगेतील नटास चेहरा नसतो. परीक्षणांतून नानाचे आणि घाशीरामाचे नाव येते, भिंतीचे येत नाही. शिवाय यश हाच उत्साहाचा छुपा शत्रू ठरतो. १९८० साली विरोधाला तोंड देऊन युरोपचा दौरा करणारे हे नाटक दोन दशके चालले, आणि तीच रांग वर्षानुवर्षे धरून उभे राहणे हे पहिल्या झगड्याहून कठीण असते. यावर संस्थेने शोधलेला उपाय नव्या निर्मितीचा होता. सतीश आळेकरांनी १९७४ मध्ये स्वतः लिहून ‘महानिर्वाण’ बसविले. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ आले. दरम्यान जब्बार पटेल ‘सामना’पासून चित्रपटाकडेही वळले होते, तरी संस्थेचे काम थांबले नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, सर्जनशील संघाचा उत्साह हा प्रमुखाच्या वक्तृत्वावर किंवा आर्जवावर फार काळ तगत नाही. कामाच्या घाटातच प्रत्येकाची अपरिहार्यता विणलेली असावी लागते, आणि दिलेला अधिकार नानाने दिलेल्या कोतवालीसारखा उसना असून चालत नाही. ज्या संघात दुसरा दिग्दर्शक उभा राहू शकतो, तेथे पहिल्याचे नेतृत्व सफल झाले असे समजावे.