कठड्यावरचा फुकट पास

नाटकाचं परीक्षण लिहिणारे लोक फुकट पासावर बसतात आणि तिकीट काढून बसलेल्यांना नाटक कसं वाटायला हवं ते सांगतात, अशी एक जुनी तक्रार आहे. मी आज मरीन ड्राइव्हचं परीक्षण लिहिणार आहे आणि तेही पासावर बसूनच. पास म्हणजे समुद्राचा कठडा. साडेतीन किलोमीटर लांब, रिझर्व्हेशन नाही, शेजारचा उठून गेला की पाय पसरता येतात. चर्चगेटजवळच्या आमच्या ब्रँचमधून सुटायचं, गर्दीची एक विरार मुद्दाम सोडून द्यायची आणि पुढची मिळेपर्यंत कठड्यावर टेकायचं, असं गेली वीस वर्षं चाललंय. एवढ्या काळात लोकांना पीएच.डी. मिळते.

पण आधी एक कबुली. ह्या वीस वर्षांत मी तिथल्या इमारती पाहिल्याच नव्हत्या. कठड्यावर बसणारा माणूस समुद्राकडे तोंड करतो आणि करोडो रुपयांच्या स्थावर मालमत्तेकडे पाठ. २०१८ साली युनेस्कोनं ह्या इमारती ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींसकट जागतिक वारशाच्या यादीत घातल्या, त्या दिवशी आमचे हेडकॅशियर पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तुम्ही रोज जाता ना हो मरीन ड्राइव्हला? कशा आहेत?"

"भरतीला बऱ्या असतात," मी म्हणालो. ते लाटांविषयी विचारताहेत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कठड्यावर उलटा बसलो. उलटं बसणं दिसतं तितकं सोपं नाही. शेजारची जोडपी सावध होतात. एक हवालदार दोनदा समोरून गेला आणि तिसऱ्यांदा थांबला. "कुणाची वाट बघताय?" "नाही, इमारती बघतोय." त्यानंही मान वळवून इमारतींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कुठल्या कलमात बसेल ह्याचा विचार करत तो पुढे गेला.

तर इमारती. गोल वळणाच्या गॅलऱ्या, जहाजावर असतात तसे आडव्या नळ्यांचे कठडे, खिडकीवर भुवईसारखा काढलेला सज्जा. बहुतेक १९३० आणि ४०च्या दशकांतल्या. सगळ्यांची उंची जवळजवळ सारखी, शाळेत उंचीप्रमाणे उभं केल्यासारखी. वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरचा सूना महाल १९३७चा; तो काढला ग. बा. म्हात्रे ह्या मराठी माणसानं. हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं. आपल्या माणसाला तिथं राहायला नाही, पण काढायला तरी मिळालं. ह्या सगळ्या इमारती आपण जहाजं आहोत आणि आत्ता सुटणार आहोत अशा थाटात उभ्या आहेत. सुटत नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी भाड्याचा दावा चालू असतो.

त्यांच्याखालची जमीन मात्र खरोखरच समुद्रातून आलेली. आमचे आजोबा फणसवाडीत राहत. त्यांच्या लहानपणी समुद्र रेल्वेच्या रुळांशी लगट करून होता म्हणे. ह्या जमिनीचं वेड मुंबईला त्याच्याही फार आधीपासून. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा बॅकबे भरण्याची कंपनी निघाली आणि तिच्या शेअरमागे लोक धावले. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर्स कोसळले, आणि असल्या कागदांवर कर्जं देऊन बसलेली बँक ऑफ बॉम्बे तीन वर्षांत बुडाली. (आमच्या खात्यात नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. आम्ही त्याला रजेचा अर्ज कसा करायचा ते सांगतो.) १९२०च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांनी तोच घाट पुन्हा घातला. ११४५ एकरांचा बेत होता; तळातला चिखल भिंतीआड ओतायचा आणि भिंतीतून तो परत समुद्रात जायचा, असा बराच काळ व्यवहार चालला. शेवटी निम्मीसुद्धा जमीन झाली नाही. खुर्शेद नरिमन ह्यांनी ह्या कारभारावर झोड उठवली, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. पुढे समुद्रात आणखी भर टाकून जो भाग काढला त्याला त्यांचंच नाव दिलं, नरिमन पॉइंट. भरावावर टीका करणाऱ्या माणसाचं तोंड इतक्या कायमचं बंद केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आमच्या आजोबांनी तिथं प्लॉट घेतला नाही. "भरावाची जमीन, टिकायची नाही," असं त्यांचं मत होतं. पैसे नव्हते ही गोष्ट अलाहिदा.

आता गुण आणि दोष. मरीन ड्राइव्हचा सगळ्यात मोठा गुण इमारतींत नाही, त्यांच्या समोरच्या रस्त्यात आहे. ब्रीच कँडीला जा, नेपियन सी रोडला जा, जुहूला जा. तिथं श्रीमंतांची घरं थेट पाण्याला टेकलेली. समुद्र त्यांच्या परसदारी, आणि आपल्याला दोन फाटकांच्या मधल्या फटीतून दिसेल तेवढा. इथं मात्र श्रीमंत माणूस आणि समुद्र ह्यांच्यामध्ये एक सार्वजनिक रस्ता आणि एक कठडा आहे, आणि कठड्यावर आम्ही आहोत. कृष्ण महालात राहणाऱ्या सुरैयाला आणि शातो मरीनमधल्या नर्गिसला समुद्र बघायचा झाला तर आमच्या बापजाद्यांच्या डोक्यावरूनच बघावा लागला असणार. ४ जुलै २०२४ला विश्वचषक घेऊन क्रिकेटवाले आले तेव्हा अख्खी मुंबई इथं लोटली. ती जुहूच्या कुठल्या बंगल्यामागे मावली असती? हे ज्या कुणाला सुचलं, किंवा न सुचता घडलं, त्याच्या नावानं मी रोज वीस मिनिटं बसतो.

दोष गॅलऱ्यांचा आहे. नवी लग्न झालेली बायको घेऊन मी तिथं बसलो होतो तेव्हा तिनं विचारलं होतं, "अहो, एवढ्या गॅलऱ्या आहेत, पण माणसं कुठेत?" फणसवाडीच्या चाळीत गॅलरी म्हणजे दिवाणखाना, वाचनालय आणि न्यायालय. इथं जगातल्या उत्तम देखाव्यासमोर गॅलरी बांधून ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद करतात, काचेला पडदा लावतात आणि पडद्यामागे एसी. म्हात्र्यांनी वळण काढलं ते वाऱ्यासाठी. त्या वळणाला आता खोक्यासारखे कोपरे आलेत. ज्या गॅलरीत हालचाल दिसली तिथं हमखास घरातला नोकर असतो. समुद्र खऱ्या अर्थानं वापरणारा तो एकटाच.

हे मी लिहिलं असतं आणि निर्धास्त घरी गेलो असतो. पण आमच्या ब्रँचमध्ये एक पारशी आजोबा येत. दर महिन्याला घरमालकाच्या नावे पे-ऑर्डर काढत. रक्कम सांगणं बँकेच्या शिस्तीत बसत नाही, पण त्या पैशांत आम्हा दोघांना चर्चगेटला मसाला डोसा मिळाला असता आणि कॉफीला थोडे कमी पडले असते. १९४७च्या कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती. १९९९च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. शून्याच्या शेजारच्या आकड्याचे चार टक्के किती होतात हे सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. त्या नव्या कायद्यानं बँकांना मात्र संरक्षणातून वगळलंय, म्हणजे आमची ब्रँच बाजारभाव मोजते. घरमालकाचा पुतण्याही आमचाच खातेदार. दोघं एकाच बाकावर बसत, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"ह्या भाड्यात लिफ्टला तेल पण येत नाय," पुतण्या मला सांगायचा.

"लिफ्टला तेल दे, मग भाडा माग," आजोबा मलाच सांगायचे.

दोघांचंही खरं होतं, आणि मधल्या मध्ये खारा वारा काँक्रीटच्या आतली सळई खात होता. एकदा आजोबांनी चहाला बोलावलं म्हणून मी वर गेलो. उंच छत, शिसवी कपाटं, आणि ती काचेची गॅलरी. समुद्राकडे पाठ करून त्यांची आरामखुर्ची. "वाऱ्यानं गुडघा दुखते," म्हणाले. काचा का लावल्या ते मला परीक्षण लिहून झाल्यावर कळलं. गॅलरीखाली लोखंडी टेकू उभे होते. वरून एक तुकडा पडला होता.

गेल्या पावसाळ्याच्या आधी ते लॉकर बंद करायला आले. दुरुस्ती होईपर्यंत मुलीकडे पुण्याला जाणार होते. दुरुस्ती कधी होणार हे बाकावरच्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. काम आटोपायला पाच वाजले. "दीकरा, रस्ता क्रॉस करून देशील?" त्यांनी विचारलं. मला वाटलं टॅक्सी पकडायची असेल. त्यांना कठडा हवा होता. सत्तर वर्षं समोर राहून इथं शेवटचं कधी बसलो ते त्यांना आठवत नव्हतं.

मी त्यांना समुद्राकडे तोंड करून बसवायला लागलो, तर त्यांनी काठीनं मला अडवलं आणि ते इमारतीकडे वळून बसले. बराच वेळ काठीच्या टोकानं मजले मोजत होते.

"आपला तिसरा का चौथा?"

"चौथा. तो टेकूवाला."

"अने ही पिवळा रंग कोणी मारला? मला वाटत होता, आपली बिल्डिंग पांढरी हाय."

मीही उलटा वळून त्यांच्या शेजारी बसलो. रोजची विरार गेली, पुढचीही गेली. हवालदार तिसऱ्यांदा समोरून येत होता.