निकाल वगळलेली कविता

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की धाराशिवकडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून चार ओळींची बातमी येते : मळणी यंत्रात पदर अडकून मजूर महिलेचा मृत्यू. चार्ल्स रेझनिकॉफ या अमेरिकी कवीची अमेलियावरची कविता अशा बातमीशेजारी ठेवून वाचावी.

रेझनिकॉफ कायदा शिकलेला. कायद्याच्या कोशासाठी जुने खटले चाळणं ही त्याची नोकरी. त्यातूनच 1965 साली ‘टेस्टिमनी’चा पहिला खंड आला. 1885 ते 1915 या काळातल्या खटल्यांच्या कागदांतून उतरवलेल्या ‘टेस्टिमनी’च्या सगळ्या खंडांतल्या कविता.

अमेलिया चौदा वर्षांची, अनाथाश्रमातून नुकतीच बाहेर पडलेली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली पहिलीच नोकरी. सांगेल ते काम करायला एका पायावर तयार. केस खांद्यावर मोकळे सोडलेले. काम करताना तिला जाणवतं की केस कशाने तरी अलगद धरलेत. ती हात वर नेते, तर फिरता दांडा लागतो. कवितेचा सगळा जीव या ‘अलगद’मध्ये आहे. पोर घाबरतसुद्धा नाही, तिला फक्त कळत नाही. आपल्याला मात्र कळून चुकलेलं असतं. पुढे टाळू सोलून निघते, रक्त अंगावर येतं, आणि कविता थांबते. मालक दोषी ठरला का? भरपाई मिळाली का? कवी सांगत नाही. खटल्यात ज्याला शेवटचा शब्द म्हणतात, तोच त्याने काढून टाकलाय. हळहळही व्यक्त करत नाही. ‘हे तर गद्यच, ओळी तोडलेलं,’ असं कुणी म्हणेल. म्हणो. ओळ कुठे तोडायची हे ज्याला कळतं, त्याला विशेषणांची गरज पडत नाही.

खटल्याच्या कागदांतून अशी कविता काढणं आपल्याकडे जास्त अवघड. धाराशिव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, कचेरीचा कारभार उर्दूत. परंड्याच्या किंवा कळंबच्या एखाद्या मजूर बाईने मराठीत दिलेली जबानी मिसलीत, म्हणजे खटल्याच्या कागदांत, जाताना उर्दू होऊन जायची, तीही कारकुनाच्या मर्जीने. जात्यावर तीच बाई मोकळेपणी गायची, कारण तिथे ऐकायला बाया होत्या. कचेरीत हाकिमापुढे विचारतील तेवढंच सांगायचं. त्या तेवढ्याशा उत्तरांतून तिचा आवाज वेगळा काढणं हे कवीचंच काम.

उर्दू वाचता येणाऱ्या मराठवाड्यातल्या एखाद्या कवीने जुन्या मिसली मागवाव्यात. जबानी पुन्हा पुन्हा वाचावी, आणि निकालाचं पान खुशाल उलटून टाकावं.